भंवरकुआंजवळचं घर, रिकाम्या खोल्या आणि ४६ लाख: इंदूरच्या एका घरमालकिणीचं प्रकरण

(नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण खरं आहे. मी या घराचा इन्कमटॅक्सचा हिशेब पाहतो, तेवढाच माझा संबंध.)

पार्श्वभूमी

सुनंदाताई ६३ वर्षांच्या. भंवरकुआं चौकापासून चालत दहा-बारा मिनिटांवर त्यांचं घर आहे. तळमजल्यावर त्या स्वतः राहतात. पहिल्या मजल्यावर दोन बेडरूमचं बिऱ्हाड, दुसऱ्या मजल्यावर चार सुट्या खोल्या आणि जिन्यालगत दोन सामाईक बाथरूम. यजमान राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, २०२२ मध्ये गेले. तेव्हापासून महिन्याला १६,००० रुपये फॅमिली पेन्शन आणि घराचं भाडं एवढंच उत्पन्न. मुलगा पुण्यात, मुलगी इंदुरातच.

या भागातल्या खोल्यांना गिऱ्हाईक कुठून येतं हे इंदूरकरांना सांगायला नको. एमपीपीएससीचं, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं, मुख्यालय इंदुरात, खंडवा रोडवर विद्यापीठाचा परिसर आणि चौकाच्या आजूबाजूला क्लासेसची रांग. खरगोन, बडवानी, सागर, रीवा, कुठूनकुठून मुलं येतात. मागणी एवढी की यजमानांनी कधी पाटीसुद्धा लावली नव्हती. २०२० मध्ये कोरोनाने सगळ्या खोल्या एका आठवड्यात रिकाम्या केल्या, तेव्हा पहिला धक्का बसला. त्यानंतर २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा निकाल आरक्षणाच्या खटल्यांत आणि '८७-१३' च्या (८७ टक्के जागांचा निकाल लावायचा, १३ टक्के रोखून ठेवायचा) तिढ्यात वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. निकाल अडकला की काही मुलं खोली धरून बसतात, काही गावी जाऊन मोबाइलवर शिकतात. दुसऱ्या प्रकारची मुलं वाढली की भंवरकुआंच्या घरमालकाला ते लगेच कळतं.

अडचण

मार्च २०२४ मध्ये आम्ही वर्षाचा हिशेब मांडला तेव्हा चित्र असं होतं. पहिल्या मजल्यावर देवासचं एक मराठी कुटुंब सहा वर्षांपासून ११,००० रुपयांवर राहत होतं. भाडं एकदाही वाढलं नव्हतं आणि करारनामा कधी झालाच नव्हता. वरच्या चार खोल्या ४,५०० च्या, त्यातल्या दोन वर्षातले सात महिने रिकाम्या. वर्षाचं एकूण भाडं २,८५,०००.

बँकेतली रक्कम ४६ लाख होती. त्यातले २४ लाख एकाच सहकारी बँकेत मुदत ठेवीत, १४ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत आणि यजमानांच्या विम्याचे ८ लाख नुसतेच बचत खात्यात. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख आहे, व्याज धरून. म्हणजे सहकारी बँकेतले १९ लाख विम्याबाहेर. "ह्यांचं तीस वर्षांचं खातं आहे तिथे," हे सुनंदाताईंचं उत्तर. इंदूरच्या मराठी वस्तीत सहकारी बँकेत पैसे अडकलेल्यांच्या आठवणी अजून ताज्या आहेत, तरीही हे उत्तर मला अनेक घरांत ऐकू येतं.

मुलाचा आग्रह वेगळाच होता. सुपर कॉरिडॉरकडे ४५ लाखांचा फ्लॅट घ्यायचा. आयटी कंपन्या आल्या, मेट्रो येते आहे, भाव वाढतील, शिवाय १३,००० भाडं. "आई, एफडी म्हणजे पैसा झोपवून ठेवणं," असं तो फोनवर म्हणत असे. मुलीचं म्हणणं होतं की आधी आहे त्या घराचं भाडं नीट करा: पहिल्या मजल्याचे १५,००० आणि वरच्या खोल्या ६,५००, शेजारी मिळतात तेवढे.

दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं. प्रश्न क्रमाचा होता, आणि दोघांपैकी कोणी रिकाम्या महिन्यांचा हिशेब केला नव्हता.

पहिला निर्णय: पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं भाडं

बाजारभाव १५,००० होता, यात वाद नाही. त्याच गल्लीत दोन बिऱ्हाडं त्या भावाने नुकतीच गेली होती. पण ११,००० वरून थेट १५,००० मागितले तर हे कुटुंब जाणार हेही उघड होतं. ते गेलं तर खर्च काय? नवा भाडेकरू मिळेपर्यंत एक महिना रिकामा (१५,०००), सहा वर्षांनी रंगकाम (१८,०००), दलालाला अर्ध्या महिन्याचं भाडं (७,५००). एकूण ४०,५००. हेच कुटुंब १२,५०० वर राहिलं, तर बाजारभावाच्या तुलनेत वर्षाला ३०,००० कमी मिळणार. म्हणजे भाडेकरू बदलण्याचा खर्च वसूल व्हायला सोळा महिने लागले असते, तेही नवा माणूस वेळेवर पैसे देणारा निघाला तर.

दुसरीकडे, सहा वर्षं वाढ न केल्याने बाजारभावाशी महिना ४,००० ची तफावत पडली होती. यजमानांचा नियम होता की भाडेकरू चांगला असेल तर वाढवायचं नाही. माझ्या मते हा नियम भाडेकरूसाठीही चांगला नाही, कारण कधीतरी वाढ करावीच लागते आणि तेव्हा ती एकदम अंगावर येते.

बोलणी सुनंदाताईंनी स्वतः केली. मुलीला मध्ये घेतलं नाही, ते बरं झालं. भाडेकरूची बायको म्हणाली, "काकू, तुम्ही वाढवणार हे आम्हाला दोन वर्षांपासून वाटतंय. फक्त एकदम चार हजार नका करू." शेवटी ठरलं ते असं: जुलै २०२४ पासून १२,५००, दरवर्षी जुलैत सात टक्के वाढ, ती करारात लिहून. अनामत एका महिन्याच्या भाड्याएवढी. करार ११ महिन्यांचा, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही त्याच आठवड्यात दिली, जी सहा वर्षं दिली नव्हती.

एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती आणि ती कळल्यावर त्या निर्धास्त झाल्या. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमात विधवा, निवृत्त सरकारी नोकर अशा काही घरमालकांना स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी घर रिकामं करून घ्यायला वेगळी, तुलनेने सोपी वाट ठेवलेली आहे. ती वापरायची वेळ आली नाही. पण "करार केला तर घर अडकेल" ही भीती गेली, आणि करार लांबवण्यामागे इतकी वर्षं तीच भीती होती.

दुसरा निर्णय: वरचा मजला

यावर सर्वात जास्त वेळ गेला.

मुलीच्या ६,५०० मागे शेजारचं घर होतं, पण तिथे प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम आणि एसी. सुनंदाताईंच्या खोल्यांच्या छताला ओल, चार खोल्यांत दोन बाथरूम. एप्रिलमध्ये त्यांनी एका खोलीचे ६,००० मागून पाहिले. लोक आले, बाथरूम पाहून गेले. मग आम्ही एका कागदावर हिशेब केला: ६,००० ची खोली वर्षात तीन महिने रिकामी राहिली तर ५४,०००, आणि ५,००० ची एक महिना रिकामी राहिली तर ५५,०००. आकडा कमी वाटतो म्हणून त्यांना ५,००० म्हणायला जीवावर येत होतं. कागद पाहिल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी गल्लीत मिरवण्यासाठी हजार रुपये मोजत होते."

तेवढ्यात एका होस्टेल चालवणाऱ्याचा प्रस्ताव आला. पूर्ण मजला महिना २२,००० ला, खोल्या भरोत न भरोत, तीन वर्षांसाठी. चारही खोल्या भरल्या तरी तेव्हाच्या दराने १८,००० मिळत होते, त्यामुळे मुलाला हा प्रस्ताव एकदम पसंत पडला. मलाही पहिल्यांदा तो वाईट वाटला नाही. एकाच माणसाशी व्यवहार, दर महिन्याला ठरलेली रक्कम.

मसुदा वाचल्यावर तीन गोष्टी दिसल्या. प्रत्येक खोलीत दोन-तीन खाटा, म्हणजे वर दहा मुलं. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी मानक माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर फक्त वरच्या मजल्याला रोज १,३५० लिटर लागणार. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मे महिन्यात बोरिंग हवा टाकतं, आणि मसुद्यात टँकर घरमालकाच्या खर्चात होता. दुसरं, तीन वर्षांचा करार नोंदवायची त्याची तयारी नव्हती. कागद ११ महिन्यांचा, बाकी 'विश्वासावर'. म्हणजे हमी मिळणार होती फक्त पहिल्या ११ महिन्यांची, आणि ती सोडली तर प्रस्तावात घेण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तिसरं, घरगुती मजल्याचं होस्टेल झालं की वीज आणि मालमत्ता कर घरगुती दरात राहतील याची खात्री कोणी देईना. नकार दिला. ६३ वर्षांच्या एकट्या बाईच्या डोक्यावर दहा मुलांचा वावर, हे चौथं कारण हिशेबात धरलं नाही, पण ते होतंच.

स्वतः पीजी चालवायचा पर्यायही मुलीने मांडला: टिफिन, वायफाय, महिना ९,००० माणशी. सुनंदाताईंनी एका वाक्यात निकाली काढला, "आयुष्यभर केल्या पोळ्या, आता विकत नाही करायच्या."

निवडलेली वाट मधली होती. दोन खोल्या आणि एक बाथरूम जोडून, छोटा ओटा घालून नोकरी करणाऱ्यांसाठी वन बीएचके करायचा. उरलेल्या दोन खोल्या विद्यार्थिनींसाठी, दोघींत एक बाथरूम. गच्चीचं वॉटरप्रूफिंग. आणि वीज वेगळी. आधी सगळ्या घराला एकच मीटर होतं, वर सबमीटर लावून ताई युनिटला आठ रुपये घेत, त्यावरून दर महिन्याला कुरबुर. राज्याच्या अटल गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये लागतात. अख्खं घर एका मीटरवर असलं की आकडा त्याच्या कितीतरी वर जातो आणि सवलत कुणालाच मिळत नाही. पहिला मजला आणि नवा वन बीएचके यांना स्वतंत्र कनेक्शन घेतल्यावर भाडेकरूंचं हिवाळ्यातलं बिल इतकं कमी येणार होतं की वन बीएचकेला मागितलेले ९,५०० घासाघीस न होता मिळाले. भाडेकरू भाडं आणि बिल मिळूनच घराची किंमत करतो, हे घरमालक सहसा धरत नाहीत.

तिसरा निर्णय: ४६ लाखांचं काय

मुलाच्या फ्लॅटचा हिशेब त्याच्याच आकड्यांनी केला. भाडं १३,०००, वर्षात एक महिना रिकामा धरून १,४३,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २४,०००, दुरुस्ती आणि दलाली १३,०००, मालमत्ता कर ६,०००. उरले एक लाख. खर्च ४५ लाख, त्यावर मुद्रांक आणि नोंदणी, महिलेच्या नावाची सवलत धरूनही दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५० लाखांच्या जवळ. हातात पडणारा परतावा दोन टक्के. भाव वाढतीलही, पण त्या वाढीवर ६३ व्या वर्षी किराणा भरता येत नाही. आणि ४६ लाखांत हा फ्लॅट बसतच नव्हता, वरचे मुलगा कर्ज काढून घालणार होता.

मला त्याहून मोठा वाटला तो दुसरा आकडा. राहतं घर आजच्या भावाने एक कोटी साठ लाखांचं धरलं तर एकूण मालमत्तेचा ७८ टक्के भाग आधीच एका इमारतीत अडकलेला होता. फ्लॅट घेतला की सगळंच इंदूरच्या जमिनीत. मुलगा याला 'गुंतवणूक वाढवणं' म्हणत होता. प्रत्यक्षात जी जोखीम आधीच जास्त होती, तीच तो अजून वाढवत होता.

मुलाला हे पटायला दोन महिने लागले. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या आकड्याने तो वळला: ८.२ टक्के, दर तिमाहीला व्याज खात्यात, कमाल मर्यादा ३० लाख. "तीस लाखच टाका मग," असं लगेच त्याचं दुसरं टोक. तेही नको होतं. पाच वर्षांत ते व्याज रुपयाने वाढत नाही, महागाई वाढते. आणि मुदतीआधी मोडलं तर कापणी आहे: पहिल्या वर्षात व्याजच नाही, दुसऱ्या वर्षात दीड टक्का, त्यानंतर एक टक्का.

शेवटी वाटणी अशी झाली: ज्येष्ठ नागरिक योजनेत २० लाख. राष्ट्रीयीकृत बँकेत १० लाख, वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींत. सहकारी बँकेत ४ लाख राहू दिले, त्यामुळे व्याजासकट विम्याच्या आत, आणि खातंही चालू राहिलं. घराच्या कामाला ५ लाख. निफ्टीच्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वरखाली होणारा फंड) ५ लाख, महिन्याला ५०,००० असे दहा हप्त्यांत. आणि रीटमध्ये २ लाख.

रीटबद्दल थोडं. रीट म्हणजे भाड्याच्या मोठ्या मालमत्तांचा ट्रस्ट, ज्याला वाटपयोग्य रोख रकमेचा किमान ९० टक्के भाग युनिटधारकांना द्यावा लागतो. भारतातला पहिला २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. २०२३ मध्ये आलेल्या एका ट्रस्टमध्ये देशभरातल्या मॉलबरोबर इंदूरचं ट्रेझर आयलंडही आहे हे कळल्यावर सुनंदाताईंना तोच हवा झाला, "तिथलं भाडं मला मिळणार तर!" हे विविधीकरण म्हणावं तर अर्धंच, कारण मालमत्ता ती मालमत्ताच. पण एका छपराऐवजी अनेक छपरं, आणि विकायचं झालं तर दोन दिवसांत. दोन लाखांपुरतं मी अडवलं नाही.

काय घडलं

घराचं काम जूनमध्ये सुरू झालं आणि पावसाने गच्चीवर रखडलं. क्लासेसच्या नव्या बॅचेस जून-जुलैत भरतात, तोच हंगाम हातचा गेला. वन बीएचके ऑक्टोबरात लागला, खोल्या नोव्हेंबरात. खर्च ५ ऐवजी ६.२ लाख झाला, वरचे १.२ लाख एका ठेवीतून काढले.

इंडेक्स फंडाचा पहिला हप्ता सप्टेंबर २०२४ मध्ये गेला, नेमका बाजाराच्या शिखरावर. पुढचे पाच महिने निफ्टी घसरत राहिला. फेब्रुवारी २०२५ अखेरीस भरलेल्या तीन लाखांपैकी २४-२५ हजार कमी दिसत होते, आणि मुलीने "थांबव" म्हणून धोशा लावला. सुनंदाताई थांबल्या नाहीत. त्यामागे बाजाराची जाण होती असं मी म्हणणार नाही. ज्येष्ठ नागरिक योजनेचे तिमाहीचे ४१,००० जमा होत होते, त्यामुळे या पैशाकडे बघायची गरजच त्यांना पडली नाही. दहाही हप्ते पूर्ण झाले.

निकाल, मार्च २०२६

२०२५-२६ चं भाडं: पहिला मजला १,५८,१०० (जुलैपासून १३,४००), वन बीएचके ११ महिने १,०४,५००, दोन खोल्या मिळून २२ महिन्यांचे १,१०,०००. एकूण ३,७२,६००. दोन वर्षांपूर्वीपेक्षा ८७,६०० जास्त. त्यातले २६,१०० निव्वळ पहिल्या मजल्याच्या भाडेवाढीचे, ते दुरुस्ती न करताही आले असते. उरलेले ६१,५०० हा ६.२ लाखांच्या कामाचा परतावा, म्हणजे जवळपास दहा टक्के. यात ओल गेली, हे वेगळं. फ्लॅटच्या दोन टक्क्यांशी हा आकडा मुलाने स्वतःच ताडून पाहिला.

कर शून्य. भाड्यातून मालमत्ता कर वजा, मग ३० टक्के प्रमाणित वजावट, पेन्शनमधून २५,०००, व्याज धरून एकूण पावणेसात लाखांच्या आत. नव्या करप्रणालीत त्या वर्षी १२ लाखांपर्यंत सवलत होती, त्यामुळे वर बरीच जागा शिल्लक. बँकेत १५एच फॉर्म (कर लागणार नाही असं ज्येष्ठ नागरिकाने लिहून द्यायचा) दिल्याने टीडीएसही कापला गेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

घर कोणाच्या नावावर हे आधी पाहायला हवं होतं. यजमानांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा समान हिस्सा, आणि काटेकोर पाहिलं तर भाड्याचं उत्पन्नही तिघांचं. हे २०२४ च्या डिसेंबरात लक्षात आलं, सहा लाखांचं काम होऊन गेल्यावर. मुलाने आणि मुलीने आईच्या नावे नोंदणीकृत हक्कत्यागपत्र करून दिलं, मग नगर निगममध्ये नामांतरण. ते सुरळीत झालं कारण दोघांचं पटतं. मुलीने सही करण्याआधी आठवडाभर घेतला, त्यात काही चूक नाही. पण ज्या घरात भावंडांचं पटत नाही, तिथे याच टप्प्यावर सगळं अडलं असतं, आणि दुरुस्तीचे पैसे कोणी कोणाचे हा वाद वर. पहिल्याच बैठकीत संपत्तीची यादी करताना प्रत्येक ओळीसमोर 'कोणाच्या नावावर' हा रकाना असता तर हे नऊ महिने आधी कळलं असतं.

काम फेब्रुवारीत सुरू करून मे अखेर संपवायला हवं होतं. हुकलेल्या हंगामाने वरच्या मजल्याचे चार-पाच महिन्यांचे पैसे गेले, ती रक्कम शेवटच्या हिशेबात मी धरलेली नाही. धरली तर दहा टक्के थोडे खाली येतात.

भाडेवाढ सात टक्के ठरली ती बोलण्यातून. पाच ठरली असती तरी चाललं असतं, दहा जास्त झाली असती. महत्त्वाचं होतं ते करारात असणं, कारण जुलै २०२५ मध्ये वाढ झाली तेव्हा कोणाला काही बोलावंच लागलं नाही. वरच्या खोल्यांत मात्र ही अट ठेवलेली नाही. मुली वर्ष-दीड वर्षात बदलतात, त्या वेळी बाजार पाहून दर ठरवता येतो.

रीटच्या दोन लाखांबद्दल माझं मत अजून बनलेलं नाही. इंडेक्स फंडातले पाच लाख एकूण संपत्तीच्या मानाने कमी आहेत असं मुलाला आता वाटतं. सहकारी बँकेतली चार लाखांची ठेव या दिवाळीत मुदत पूर्ण करते, ती तिथेच नूतनीकरण करायची की फंडात टाकायची यावर मायलेकरांचं अजून ठरलेलं नाही. होस्टेलवाला २६,००० चा आकडा घेऊन पुन्हा येऊन गेला. या वेळी करार नोंदवायलाही तयार होता, पण टँकर अजून घरमालकाच्याच खर्चात होता. मृत्युपत्राचा मसुदा वकिलाकडे आहे.